ऑपरेशन पुण्यात, उपचार मुरुमात

वजन कमी करण्यासाठी पोटाचे ऑपरेशन करून घेतले असे सांगितले, की आपल्याकडे माणसे दोन तऱ्हेने बघतात. काहींना ते पैसेवाल्यांचे चोचले वाटतात. काहींना वाटते, पोटच कापून टाकले, आता हा माणूस खाणार काय आणि जगणार कसा? गेले वर्षभर या दोन्ही नजरा माझ्या ओळखीच्या झाल्या आहेत. बांधावर, आठवडी बाजारात, पंचायत समितीच्या व्हरांड्यात लोक आवाज खाली आणून विचारतात, "साहेब, खरंच का वो?" एकेकाला तुकड्या-तुकड्याने सांगण्यापेक्षा सगळे एकदा नीट लिहावे, म्हणून हा लेख.

ऑपरेशन कसे करतात ते डॉक्टर सांगतातच. ते तास-दोन तासांचे काम. पण त्यानंतर रोगी घरी येतो आणि खरा उपचार घरच्या चुलीपाशी सुरू होतो. त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. खेड्यात तर तो उपचार जास्तच अवघड, कारण आपल्याकडे माया दाखवायची एकच रीत आहे: वाढणे.

आधी माझी हकिगत थोडक्यात. मी कृषी विस्तार अधिकारी, वय ५४. उंची ५ फूट ६ इंच आणि वजन १२८ किलो. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्यावरून डॉक्टर लठ्ठपणा ठरवतात. माझा आकडा ४५ होता. आपल्या लोकांत २५ च्या वरच लठ्ठपणा धरतात. चौदा वर्षांचा मधुमेह, दोन वेळचे मिळून ४० युनिट इन्सुलिन, रक्तदाब, आणि झोपेत श्वास अडायचा म्हणून रात्री नाकाला यंत्र. गुडघे असे, की शेताच्या बांधापर्यंत मोटारसायकल जाईल तिथवरच माझी पाहणी. पथ्य झाले, फिरणे झाले, औषधे झाली. दहा किलो उतरायचे, बारा किलो चढायचे. डॉक्टरांनी समजावले, की एवढे वजन एकदा वाढले की शरीर ते आपलेच मानून राखायला बघते. खाणे कमी केले की भूक वाढवते आणि जळण कमी करते. हा नुसता मनोनिग्रहाचा प्रश्न उरत नाही.

आपल्या लोकांची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ही शेतकरी घरांतली मुले. इंग्लंडमधले बाळ सरासरी साडेतीन किलोचे, तर आपले २.७ किलोचे. पण एवढ्याशा बाळाच्या अंगात मांस कमी आणि चरबी त्या मानाने टिकून असलेली दिसली. म्हणजे वरून किडकिडीत, आतून चरबीचे. म्हणूनच आपल्या माणसाला कमी वजनावरही मधुमेह गाठतो, आणि अशा ऑपरेशनची रेघही आपल्याकडे गोऱ्या लोकांपेक्षा खालच्या आकड्यावर धरतात. लठ्ठपणा हा फक्त खादाडाचा आजार नव्हे, हे खेड्यांनीच दाखवून दिले आहे.

ऑपरेशन २०२४ च्या दिवाळीनंतर पुण्याच्या एका दवाखान्यात झाले. पोटाला पाच लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीतून. जठराचा सुमारे चार-पंचमांश भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. काढलेल्या भागात भूक लावणारा एक रस तयार होतो. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी तो शोधला. तो भागच गेल्यामुळे सुरुवातीचे बरेच महिने भूकही मंदावते. ही विद्या अगदी नवी नाही. लठ्ठपणासाठी जठराला वळसा देण्याचे ऑपरेशन अमेरिकेत आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली केले होते. आपले नितीन गडकरी यांनीही २०११ साली मुंबईत वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते लपवले नाही. मोठ्या माणसाने उघड सांगितले की लहानांची लाज कमी होते.

तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. पुणे ते सोलापूर, पुढे नळदुर्ग, जळकोट, येणेगूर करत मुरुम. डॉक्टरांनी बजावले होते, की गाडी दर दीड-दोन तासांनी थांबवून पाच मिनिटे चालायचे. बसून राहिले तर पायात रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेली तर जीव घेते. त्यासाठी काही दिवस पोटात टोचायची सुईही दिली होती. आम्ही धाब्यांपुढे थांबत होतो. तव्यावर रोट्या, कढईत भजी, आणि मी आपला पोटाला पट्टा बांधून अंगणात येरझारा घालत होतो. चिरंजीव हसू दाबत होते. मला मात्र नवल एकाच गोष्टीचे वाटले: वास येत होता, पण भूक नव्हती.

घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस फक्त पातळ. पाणी, ताक, गाळलेले वरणाचे पाणी, साय काढलेले दूध, आणि डॉक्टरांनी दिलेली प्रथिनांची भुकटी. तेही कसे? एका वेळी दोन घोट. औषधाच्या बाटलीचे टोपण घेतले तर त्यात १५ मिलिलिटर मावते. अशी दोन टोपणे, सावकाश, मग थोडे थांबायचे. दिवसाकाठी दीड लिटर पोटात गेले पाहिजे. म्हणजे जागेपणी सतत कामच. एकदम पेलाभर प्यायले की छातीत कळ येते आणि सगळे बाहेर. ठिबक बसवलेल्या शेतकऱ्याला हे लवकर कळेल. पाटाने सोडलेले पाणी या नव्या पोटाला चालत नाही. थेंब थेंब, पण खंड नको. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद चिकटवला आणि दर घोटाला कोळशाने रेघ मारू लागल्या. संध्याकाळी रेघा कमी भरल्या तर "अहो, अजून बारा राहिल्यात" म्हणून वाटी पुढे यायची.

अडचण पाण्याची नव्हती, माणसांची होती. मी आल्याचे कळताच गाव भेटीला आले, आणि आपल्याकडे आजाऱ्याकडे कोणी रिकाम्या हाताने येत नाही. नारळ, केळी, बिस्किटांचे पुडे, पेढे, घरच्या तुपातला शिरा. "साहेब, एवढंसं घ्या. अंगात ताकद कुठनं येणार?" हे शब्द रागाचे नव्हते, मायेचे होते, म्हणूनच ते परतवणे कठीण. टाके घातलेले जठर पहिल्या काही आठवड्यांत फार नाजूक असते. घट्ट घास गेला, उलटीचा जोर आला, तर सांधा उसवू शकतो. पण हे शिरा घेऊन आलेल्या म्हातारीला कसे सांगायचे?

सगळ्यांत जास्त हाल माझ्या आईचे झाले. तिचे वय ऐंशीच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ. तिने दुष्काळातले दिवस बघितले आहेत, सुकडीवर पोरे जगवली आहेत. तिच्या लेखी पोरगा भरल्या अंगाचा असणे म्हणजे आईने नाव काढले. ती उंबऱ्यात बसून म्हणायची, "बाबा, ज्वारीच्या कण्या तरी घे. पाण्यावर कुणी जगतं का?" पाचव्या दिवशी तिने स्वतःच जेवण सोडले. लेकरू उपाशी असताना तिच्या घशाखाली घास उतरेना. इकडे सौभाग्यवतीही माझ्यासमोर जेवायचे टाळू लागल्या. मला वास नको, मोह नको, म्हणून परसात उभ्या उभ्या भाकरी खायच्या. पंधरा दिवसांत त्यांचे वजन तीन किलोने उतरले. ऑपरेशन एकाचे झाले आणि उपाशी तिघे राहिले.

तेव्हा एका संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवले. आईला मी तिच्याच भाषेत सांगितले, "आई, बाळंतिणीच्या खोलीतलं चार दिवसांचं लेकरू बघ. त्याला तू भाकरी देतीस का? माझं पोट आता तसलं आहे. ते मोठं व्हायला सहा आठवडे लागतील." आईने बराच वेळ माझ्याकडे बघितले. मग म्हणाली, "मग वाटी-चमचा लहान आणा की." दुसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतून माझ्या मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली. त्या दिवसापासून माझे सगळे खाणे त्याच वाटीत. आणि घरात नियम झाला, की जेवणाच्या वेळी सगळ्यांनी एकाच पंगतीला बसायचे. मी माझी वाटी घेऊन, बाकीच्यांनी भाकरी-कालवण घेऊन. मला मोहाचा त्रास झाला का? झाला. भूक पोटाची गेली होती, जिभेची आणि मनाची नव्हती. लसणाची फोडणी पडली की डोळ्यांत पाणी यायचे. पण एकटे बसण्याच्या त्रासापेक्षा तो बरा होता.

तिसऱ्या आठवड्यापासून मऊ, गाळलेले पदार्थ. इथे माझे शिक्षण कामी आले. गाभण म्हशीचा खुराक आपण मांडतो, तसा मी स्वतःचा खुराक मांडला. डॉक्टरांनी दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने सांगितली होती. ती कमी पडली तर चरबीबरोबर अंगातले मांसही झडते. अर्धा लिटर दूध, त्यात १६ ग्रॅम. दोन अंडी, १२. पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीचे घट्ट वरण, ११. प्रथिनांची भुकटी एक माप, २०. बेरीज ५९. दह्याचे दोन चमचे घेतले की हिशेब पुरा. तूर आपल्या रानातली, दूध गोठ्यातले. भुकटी सोडली तर बाजारातून काही आणावे लागले नाही.

अंड्यावरून मात्र पेच आला. आई माळकरी, तिच्या स्वयंपाकघरात अंडे चालत नाही. सौभाग्यवतींनी परसात वेगळी शेगडी मांडली आणि वेगळे पातेले ठेवले. चौथ्या आठवड्यात एकदा सौभाग्यवती माहेरी गेल्या होत्या. दुपारी आई दारात आली आणि तोंड दुसरीकडे करून म्हणाली, "तुझं ते परसातलं राहिलंय आज. सुनबाईला सांग उकडायला." त्या वेळी मला वाटले, की आता मी बरा होणार.

खाण्याची रीत सांगतो, कारण ती जन्मभराची आहे. आधी डाळ, अंडे, दही, मग भाजी, भाकरी शेवटी, जागा उरली तर. प्रत्येक घास जनावर रवंथ करते तसा चावायचा. एका जेवणाला वीस-पंचवीस मिनिटे. जेवताना पाणी नाही. आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास थांबायचे. पोट भरल्याची खूण प्रत्येकाची वेगळी. मला एक उचकी लागते. ती आली की वाटी खाली. पुढे एक चमचाही नाही, मग वाढणारे कोणीही असो.

सहाव्या आठवड्यात येळवस आली. उमरगा, लातूर, सोलापूर भागाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे, की मार्गशीर्ष अमावास्येची ही वेळ अमावास्या आमचा सर्वांत मोठा सण. सीमेपलीकडे कर्नाटकातही तो आहे. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि राने भरतात. शेतात कडब्याची कोप करून पांडवांची आणि लक्ष्मीची पूजा, पिकांवर आंबील शिंपडणे, आणि मग जेवण: हरभरा, वाटाणा, तूर, घेवडा, शेंगदाणे अशा पंचवीस जिनसांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली थंड आंबील. आणि ते एकट्याने खायचे नसते. ओळखीचा असो वा वाटसरू, बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवायचे. माझ्यासारख्या अधिकाऱ्याला तर सात-आठ शेतांवरून आवतण. एकाकडे गेलो आणि दुसऱ्याकडे नाही, तर वर्षभर बोलणे.

घरात चर्चा झाली, की यंदा जाऊच नये. डॉक्टरांनी मऊ घन आहाराला परवानगी दिली होती, पण एवढ्या घरांना नाही म्हणायचे कसे? आईनेच निकाल दिला. "सणाला घरात बसायला काय सुतक आहे? जा. वाटी संगं ने."

चांदीची वाटी खिशात घालून मी गेलो. पहिल्याच शेतावर यजमान केळीच्या पानावर भज्जीचा ढीग वाढू लागले. मी वाटी पुढे केली आणि म्हणालो, "पाव्हणं, यंदा ही भरा. हिच्यात तुमच्या सगळ्या रानाची चव आली पाहिजे." ते क्षणभर थांबले. मग त्यांनी एक चमचा भज्जी घातली, बोटाने मऊ केली, आणि आपल्या बायकोला म्हणाले, "आंबील गाळून दे साहेबाला." मी सावकाश खाल्ले. पंधरा मिनिटे गेली. एरवी तेवढ्यात माझी दोन ताटे व्हायची आणि मी पुढच्या शेतावर निघायचो. या वेळी पुढे करण्यासारखे काही नव्हते, म्हणून म्हणालो, "चला, तूर दाखवा."

आणि मी चाललो. मोटारसायकल सोडून, ढेकळांतून, पार पलीकडच्या बांधापर्यंत. चौदा किलो वजन उतरले होते आणि गुडघे नवे झाल्यासारखे वाटत होते. तिकडच्या कोपऱ्यात तुरीला मर लागलेली होती. रस्त्यावरून ती दिसण्यासारखी नव्हती. आम्ही दोघे उकिडवे बसलो, एक झाड उपटून बुंधा चिरला, आतली काळपट रेघ बघितली, आणि पुढच्या हंगामात तिथे तूर न घेता ज्वारी घ्यायची, बियाण्याला ट्रायकोडर्मा लावायचे, असे ठरवले. त्या दिवशी मी चार शेते केली. चारही ठिकाणी एकेक चमचा. कोणी रागावले नाही. एक म्हातारे बाबा एवढेच म्हणाले, "जेवलं कमी, पण बसलं जास्त." पाहुणचार पुरा झाल्याचीच ती पावती होती.

आता वर्ष झाले आहे. वजन ९२ किलो. इन्सुलिन तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी बंद केले, एक गोळी राहिली. रात्रीचे यंत्र गेले. पण सगळे गोड नाही, तेही सांगितले पाहिजे. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले, नंतर आले. दंडाची आणि पोटाची कातडी लोंबते. मध्ये दोन महिने वजनाचा काटा हललाच नाही. जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. बी-१२ आपल्याकडे आधीच अनेकांत कमी असते, आणि जठर लहान झाल्यावर ते अन्नातून नीट शोषले जात नाही, म्हणून त्याची गोळी किंवा सुई. रक्ताची तपासणी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, मग दर वर्षी. दुखण्यावरच्या गोळ्या दुकानातून मनाने घ्यायच्या नाहीत, त्यांनी जठराला जखमा होतात. तंबाखू आणि दारू वर्ज्य. आणि जुन्या चालीवर गेले, तर वजन परत येते. पोट लहान करता येते, सवय कापता येत नाही.

ज्यांच्या घरी असा रोगी येणार आहे, त्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली: नाडी सतत १२० च्या वर, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढती कळ, दम, पिंढरी सुजणे, काळी शौच, किंवा पाणीही न टिकणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा. खेड्यात अंतर लांब असते, म्हणून पहिला महिनाभर गाडी कोणाची आणि हाकणारा कोण, हे आधीच ठरवून ठेवावे. दुसरी: उलट्या सलग होत राहिल्या, पायाला मुंग्या आल्या, चालताना तोल गेला किंवा एकाच्या जागी दोन दिसू लागले, तर बी-१ संपल्याची ती खूण असू शकते; उशीर केला तर नुकसान कायमचे होते. तिसरी: मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे औषध झपाट्याने कमी करावे लागते, पण ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. चौथी: महिना-सव्वा महिना बादली, पोते, कडब्याची पेंढी उचलायची नाही. चालायचे मात्र पहिल्या दिवसापासून.

हे ऑपरेशन सगळ्यांसाठी नाही. खर्च लाखांत जातो. चार-दोन किलो जास्त असलेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. ज्याला वजनाने आजार जडले आहेत आणि बाकीचे उपाय करून झाले आहेत, त्याने जाणत्या डॉक्टरांना विचारावे. आणि त्याआधी घरच्यांना विचारावे, कारण पुढची सगळी मेहनत त्यांचीच आहे. अशा माणसाला "एवढंसं घे की" म्हणू नका. त्याच्या वाटीत मावेल तेवढेच वाढा आणि जवळ बसा. त्याला रानात फिरायला न्या. ज्याला पोटभर वाढता येत नाही, त्याला वेळ देता येतो, आणि तो अंगी लागतो.